पूजेबाहेरची पेटी

पान्यांच्या पेटीवर बसू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन मी परभणीत जिंतूर रोडवरच्या एका ट्रॅक्टर शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा तो मला कोणी सांगितला नव्हता. पहिल्याच दुपारी डबा खायला म्हणून मी एका पेटीवर टेकलो आणि मागून टाळक्यात अशी चापट बसली की घास घशातच अडकला.

"पेटीवर बसतेत व्हय रे? जिच्या जिवावर खायचं, तिच्यावरच बूड ठिवायचं?"

हे आमचे मिस्त्री. वर्कशॉपमधले सगळ्यात जुने आणि आम्हा नऊ कामगारांचे म्होरके. माझा स्वभाव आधीपासून तापट. डबा तसाच गुंडाळून मी निघून जाणार होतो. पण त्यांनी आपली अर्धी भाकर ठेच्यासकट माझ्या डब्याच्या झाकणात टाकली आणि म्हणाले, "राग जेवल्यावर कर." जेवल्यावर राग राहिला नाही. त्या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. पुढं एकदा मी त्याच माणसासमोर सहा दिवस पेटीवर बसलो आणि ते एका शब्दानं बोलले नाहीत, म्हणून हे लिहायला घेतलं.

मिस्त्रींचं काम बघत राहावं असं. ट्रॅक्टर आला की ते कोणालाही नट सैल करू द्यायचे नाहीत. आधी इंजिन चालू करायचे, लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. शेतकरी बिचारा डॉक्टरकडं बघावं तसा त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा. मग मिस्त्री डोळे उघडून सांगायचे, अमुक बेअरिंग गेलंय. उघडून बघावं तर तेच गेलेलं असायचं. मला सोळा वर्षं लागली तो कान तयार करायला, आणि अजूनही माझा अंदाज दहातून तीनदा चुकतो.

वर्षातून एकदा आमचं वर्कशॉप लग्नघरासारखं चकाकायचं, खंडेनवमीला. सगळी हत्यारं डिझेलनं धुऊन, चिंध्यांनी पुसून, शेडच्या तोंडाशी पांढऱ्या कापडावर मांडायची. जॅक, पुलर, चेनपुली, हातोडे, सगळ्यांचे पाने. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. कॉम्प्रेसरलासुद्धा हार. एकदा पूजा मांडली की ती उठवेपर्यंत हत्याराला हात नाही. आणि ज्यानं मांडली त्यानंच ती दसऱ्याला उठवायची. आमच्याकडं तो मान मिस्त्रींचा.

माझी पेटी मात्र त्यात नसायची. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या काळापासून घरात पूजाअर्चा नाही. पहिल्याच वर्षी मी मिस्त्रींना सांगायला गेलो की माझी पेटी पूजेत नको. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, चांगले चार-पाच मुद्दे पाठ केले होते. ते "बरं" म्हणाले आणि माझी पेटी त्यांनी भिंतीकडच्या ओट्यावर सरकवून दिली. इतक्या सरळ उत्तरानं माझी पंचाईतच झाली. मुद्दे तसेच राहिले. धुण्यापुसण्यातून मात्र सुटका नव्हती.

"पूजा तुझी न्हाई, ग्रीस तर तुझंच हाय ना? पूस," ते म्हणाले.

हे असं सोळा वर्षं बिनबोभाट चाललं.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मिस्त्रींचा हात जायबंदी झाला. मागचं चाक काढून ट्रॅक्टर जॅकवर घेतला होता आणि एक्सलखाली लाकडी ओंडके लावले होते. तिथं टेकूला लोखंडी घोड्या पाहिजेत हे आम्ही मालकांना किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही. मालक दर वेळी "बघू" म्हणायचे. त्या दिवशी ओंडका मधोमध चिरला. मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्याचं मालकांनी केलं, ते मी नाकारणार नाही. दोन महिन्यांनी मिस्त्री तीन बोटांनी पेचकस धरून पुन्हा कानाला लावायला लागले. कान शाबूत होता.

पण घोड्या आल्या नाहीत. आठवड्याची सुट्टी भरपगारी नव्हती, पीएफचा पत्ता नव्हता, चार वर्षांत पगार जागचा हलला नव्हता, आणि मे महिन्यात त्या बिनपंख्याच्या पत्र्याखाली पाना हातात धरवत नव्हता. सगळ्याला एकच उत्तर, बघू. आणि त्याच वर्षी दसरा आठ दिवसांवर आलेला असताना मालकांनी मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दिवाळीनंतर आता घरी आराम करा."

मिस्त्रींनी आम्हाला हे चहा पिता पिता सांगितलं, जणू शेजारच्या कोणाची बातमी. मग कप खाली ठेवला आणि उजव्या हाताकडं बघत बसले. त्यांची शेती नावाला, आणि ह्या कामाशिवाय दुसरं काही त्यांना येत नव्हतं. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथं केबिनकडं निघालो. दोघांनी धरलं.

संप करायचा, हे सगळ्यांच्या मनात. तोंडानं कोणी म्हणेना. संप म्हटला की मालक नांदेडहून दुसरे मिस्त्री आणणार आणि आम्ही नऊजण घरी बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा मी बोलून गेलो, "मिस्त्री, समजा दसऱ्याला तुमी पूजा उठवलीच न्हाई तर?"

ट्रॅक्टर धुणारा आमचा वॉशिंगवाला हसायला लागला आणि मधेच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले आणि म्हणाले, "हत्याराला बी आराम लागतोच की. पण खोटं चालायचं न्हाई. पूजा हाय तर रोज सकाळी दिवा लागंल. मी लावीन."

पूजा न करणाऱ्या माणसानं पूजेची युक्ती काढली, म्हणून मी दोन दिवस स्वतःवरच खूश होतो. त्या युक्तीला केवढं भोक होतं ते माझ्या ध्यानातच आलं नाही. नऊजणांत कोणाच्याच आलं नाही. माझी पेटी बाजूला ठेवायची आम्हाला इतकी सवय झाली होती.

दसऱ्याला सकाळी मालक नवे कपडे घालून आले. दरवर्षी मिस्त्री पूजेवर अक्षता टाकायचे, जॅक बोटभर हलवायचे, की पूजा उठली. त्या दिवशी ते हात जोडून उभे राहिले.

"मालक, यंदा पूजा राहू द्या."

"म्हणजे? किती दिवस?"

"बघू," मिस्त्री म्हणाले.

तो एक शब्द ऐकायला मी एक पगार सोडला असता. मग मिस्त्रींनी एकेक मागणी सांगितली. स्वतःच्या नोकरीची सांगितली नाही, ती मी सांगितली, जरा आवाज चढवूनच. मालकांचा चेहरा उतरला. माणूस देवभोळा, त्यांचा हात पूजेकडं गेला आणि परत खिशात गेला. आम्ही गेटजवळच्या लिंबाखाली जाऊन बसलो.

सोयाबीनची मळणी चालू होती आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. ट्रॅक्टर येऊन रस्त्याकडेला उभे राहायला लागले. तिसऱ्या दिवशी नांदेडहून दोन मिस्त्री आले. पूजा बघितली, चपला काढल्या, हात जोडले. मग एकजण मालकांना म्हणाला, "मांडलेली पूजा हाय. आमी हात लावणार न्हाई. उद्या बोट-बिट गेलं तर?" मिस्त्रींच्या हाताचं त्याला काहीच माहीत नव्हतं. आम्ही मात्र सगळे तिकडंच बघत होतो. नांदेडच्या दोघांनी प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि आले तसे गेले.

त्यांना वाटेला लावून मालक परत फिरले आणि शेडच्या तोंडाशी थांबले. त्यांची नजर ओट्यावर गेली. ओट्यावर माझी पेटी. ना हार, ना कुंकू.

मला त्या क्षणी जे कळलं ते सगळ्यांना एकदमच कळलं. युक्ती काढणारा शहाणा मी, आणि भोक माझंच.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "तुला तर ही पूजा लागू नाही," ते म्हणाले. "तुझी पेटी मोकळी आहे. पंपाचं, हायड्रॉलिकचं काम तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला येत नाही. अंगणात बसून सुरू कर. एक ट्रॅक्टर दुरुस्त होऊन बाहेर गेला की बाकीचे आपोआप येतील. आणि दिवाळीनंतर मिस्त्रीची जागा तुझी. पगार त्यांचा, पीएफ पहिल्या दिवसापासून."

मी नाही म्हणालो नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. "विचार करतो" म्हणालो आणि चहा पिऊन बाहेर आलो. त्या जागेची मला हाव होती. कोणाला नसते?

पण खरी परीक्षा पुढं होती. लिंबाखाली आलो. केबिनच्या काचेतून सगळ्यांना चहाचा कप दिसला होता. वॉशिंगवाला दुसरीकडं बघत म्हणाला, "तेचं काय बाबा. तेला कुठं पूजा आडवी येती."

माझं डोकं फिरलं. सोळा वर्षं सोबत जेवलो, आणि शेवटी मी 'तेचं काय'? असं असेल तर असंच. मी ओट्यापाशी गेलो आणि पेटीची कडी काढली. हावेनं नाही, निव्वळ चिडून. झाकण उघडलं. आत सगळे पाने लख्ख, एकाला डाग नाही. नवमीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी मला ते दोनदा पुसायला लावले होते, पहिल्यांदा बरोबर पुसले नाहीत म्हणून. मी झाकण लावलं, कडी घातली आणि कोणाशी न बोलता घरी गेलो.

बायको भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. मागं एकदा सगळ्याजणींबरोबर संपावर बसून आलेली. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "आमच्यातली एक मधीच कामावर गेलती. संप मिटला, पगार सगळ्यांचाच वाढला, तिचाबी वाढला. पण आजबी ती डबा एकटीच खाती." एवढंच. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. मला भाकर गोड लागली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्री दिवा लावायला वाकले होते. मी पेटी उचलून त्यांच्यासमोर नेली. "घ्या, ठिवा पूजेत. एकदाचा विषय मिटवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "न्हाई."

"कामून?"

"इतकी वर्सं ठिवली न्हाईस. आज माझ्या नोकरीपायी ठिवलीस तर ती पूजाबी खोटी आन् तूबी खोटा. पेटी तुझी हाय. तिचं काय करायचं ते तूच ठरीव."

पेटी हातात धरून मी तसाच उभा. पान्यांनी भरलेली पेटी म्हणजे काय हलकी असते? खांदे भरून आले. लिंबाखालून सातजण बघत होते, केबिनमधून मालक बघत होते. मी तरातरा लिंबाखाली गेलो, सगळ्यांच्या मधोमध पेटी दणकन आपटली आणि तिच्यावर बसलो.

पेटीवर ठाण मांडून बसलेला कारागीर आमच्यापैकी कोणी जन्मात बघितला नव्हता. माझी मान आपोआप आखडली, चापटीची वाट बघत. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, आणि काडी ओढून दिवा लावला. वॉशिंगवाल्यानं थोड्या वेळानं आपल्या डब्यातली अर्धी भाकर काढून माझ्यापुढं धरली. मी घेतली. भांडण असं मिटतं आमच्याकडं.

मालकांना काय समजायचं ते समजलं. ज्या पेटीवर माणूस बसलाय ती उघडत नाही.

सातव्या दिवशी चुडाव्याकडून माझे दाजी ट्रॅक्टर घेऊन आले, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. हायड्रॉलिक उचलेना, पेरणी यंत्र जमिनीवरून हलेना. आल्या आल्या त्यांनी मला हेरलं.

"पाव्हणं, तुमची पेटी मोकळी हाय म्हणतेत."

"मोकळी न्हाई दाजी. मी बसलोय."

"ते दिसायलंय की! उठा मग! रानातली ओल उडून चालली, हरभरा कवा पेरू?"

मी उठलो नाही. दाजी तापले, मीही तापलो. भर रस्त्यावर आमची अशी जुंपली की बाकीचे शेतकरी जवळ आले. "तुमच्या बहिणीला सांगतो," दाजी म्हणाले. ह्या वयातही त्या धमकीनं माझा आवाज खाली आला.

शेवटी जेवणाची वेळ झाली आणि मिस्त्रींनी दाजींना हाताला धरून खाली बसवलं. जेवताना दाजींचं लक्ष मिस्त्रींच्या हातावर गेलं. ते डाव्या हातानं भाकर मोडत होते. दाजींनी विचारलं, त्यांनी सांगितलं, दोन वाक्यांत. ओंडका, घोड्या, दिवाळीनंतर आराम. मग म्हणाले, "तुमचा ट्रॅक्टर चालू करा बरं. हात लावणार न्हाई, नुसतं ऐकतो."

दाजींनी ट्रॅक्टर चालू केला. मिस्त्री बसल्या जागेवरून, घास हातात तसाच, डोळे मिटून ऐकत राहिले. "पंप रडायलाय. पंप चांगला हाय, तेलाची जाळी तुंबलीया. जाळी काढून धुतली की झालं. तासाभराचं काम." आणि घास तोंडात घातला.

दाजी ट्रॅक्टरवरून उतरले. "ह्या माणसाला घरी बसवायलेत?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. दाजींनी आणखी काही विचारलं नाही. रस्त्याकडेला जे दहा-बारा शेतकरी होते त्यांना घेऊन ते सरळ केबिनमध्ये शिरले. आतलं सगळं मला ऐकू आलं नाही, पण दाजींचा आवाज रानातला. "ट्रॅक्टर तुमच्याकडून घेतला खरा, पण आमी येतो ते ह्या कानाकडं. कान गेला तर पुढचा ट्रॅक्टर दुसरीकडून." आठवा दिवस तसाच गेला. रांग गेटापासून कोपऱ्यापर्यंत गेली.

नवव्या दिवशी सकाळी मालक स्वतः लिंबाखाली आले. हातात कागद होता. मिस्त्री आहेत तिथंच राहतील. घोड्या आजच आणायला माणूस गेलाय. आठवड्याची सुट्टी भरपगारी. पीएफ नव्या महिन्यापासून. पगारवाढ मागितली त्याच्या अर्धी. पंख्यांचं 'बघू'. ते पंखे पुढच्या उन्हाळ्यात आले, तेही दोनच. पण त्या सकाळी आम्ही कोणी पंख्यांवर अडलो नाही. मी कागद वाचला, मिस्त्रींच्या नोकरीची ओळ दोनदा वाचली, आणि नऊ दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचललं असं वाटलं. वॉशिंगवाला तर उघड रडला.

मिस्त्री पूजेपाशी गेले. झेंडू वाळून काळे पडले होते. त्यांनी अक्षता टाकल्या आणि तीन बोटांनी जॅक बोटभर हलवला. पूजा उठली. सगळे आपापल्या पान्यांवर तुटून पडले, जत्रेत हरवलेली पोरं सापडल्यासारखे. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. रस्त्यावरून दाजींनी हॉर्न वाजवला.

मी तसाच पेटीवर बसलेला होतो. सहा दिवसांत अंगवळणी पडलं होतं, उठायचं सुचलंच नाही. तेवढ्यात मागून टाळक्यात चापट बसली.

"पेटीवर बसतेत व्हय रे?"

चापट तीनच बोटांची होती. मी उठलो, पेटी पुसली आणि दाजींची जाळी काढायला ट्रॅक्टरखाली शिरलो.